आमच्या स्नायूंचा हिशेब द्या

प्रति,
मा. अधिष्ठाता आणि संशोधन समितीचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, चौकशीच्या खिडकीसमोर, मी पाऊण तास एका खुर्चीवर बसून होते. सहज खाली नजर गेली तर खुर्चीच्या पुढच्या दोन पायांना पिवळी चिकटपट्टी. ओळखलीच मी ती! चौथ्या मजल्यावरच्या चाचणीच्या खोलीतली खुर्ची. ४३ सेंटिमीटर उंच, बिनहातांची, घसरू नये म्हणून भिंतीला टेकवलेली. हात छातीवर बांधून तिच्यावरून पाच वेळा उठायचं, पाच वेळा बसायचं, आणि समोर स्टॉपवॉच धरून एक मुलगी उभी. किती सेकंद लागले त्यावरून मांडीत जीव किती उरलाय ते कळतं. ती खुर्ची आता चौकशीसाठी ताटकळणाऱ्यांच्या कामाला लावलीय. आणि मी चौकशीला आले होते ती त्याच खोलीच्या, तिला कुलूप का, याच्या.

खिडकीतून उत्तर मिळालं, "प्रोजेक्ट संपला."

संपला नव्हता. साठीच्या पुढच्या बायकांना व्यायाम देऊन त्यांच्या स्नायूंची ताकद मोजायचा तुमचा तो संशोधन प्रकल्प चोवीस आठवड्यांचा होता, चौदाव्या आठवड्यात बंद पडला. घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात नेहमीप्रमाणे दोन बस बदलून आम्ही अकराजणी आलो, तर दाराला कुलूप आणि कुलपावर काही नाही. कागद नाही, फोन नाही. त्यानंतर मी दोन अर्ज आवक-जावकमध्ये दिले. पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. म्हणून आता हे चारचौघांत लिहिते. संस्थेचं नाव मुद्दाम घालत नाही. तुमच्या वॉर्डात माझ्या घरातल्या दोघांचे जीव वाचलेत, ते मी विसरलेले नाही. मला बदनामी करायची नाही, उत्तर हवंय.

मी पालिकेच्या शाळेत ३२ वर्षं पी.टी. शिकवली. लेझीम, कवायत, खो-खो. आज वय ६९. राहते काळाचौकीला, चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. ५४ पायऱ्या, लिफ्ट नाही. चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय. आयुष्यभर मुलांवर "गुडघे वर, गुडघे वर" म्हणून ओरडले, आणि तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी जमिनीवर बसले ती उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून उचललं. त्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन मात्र दार लावून रडले. बरं, मी काही बसून राहणारी नव्हते. अभ्युदयनगरच्या मैदानात रोज पाऊण तास चालायचे. चालणं हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं, पण जमिनीवरून उठायची ताकद नुसत्या चालण्यानं परत येत नाही, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पी.टी.च्या बाईला!

म्हणून तुमची जाहिरात वाचून मी पहिल्याच दिवशी नाव दिलं. 'वाढते वय, व्यायाम आणि स्नायूंचे कार्य.' साठीच्या पुढच्या बायका हव्या होत्या. आमच्या भागातून मीच नऊजणी गोळा करून आणल्या.

त्यातल्या चार पहिल्याच दिवशी परत गेल्या, आणि पहिली तक्रार तिथपासूनच सुरू होते. संमतीपत्र अकरा पानी. मराठीत होतं, पण असल्या मराठीत की मलाही दोनदा वाचावं लागलं. वयाबरोबर स्नायू आणि त्यांची ताकद कमी होते, त्या दुखण्याचं नाव सार्कोपेनिया, आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकानं १९८९ साली ग्रीक शब्द जोडून तयार केलेलं. तुमच्या भाषांतरकारानं त्याचं केलं 'मांसक्षय'. शब्द जुना आहे, आयुर्वेदातला आहे, मान्य. पण गिरणगावातल्या बाईला 'क्षय' म्हटलं की काय आठवतं? गिरणीतून खोकत घरी आलेला बाप, नवरा, वेगळा ठेवलेला पेला. एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, हे टीबीवालं आहे का? सूनबाई नातवाला जवळ येऊ देणार नाही." मी समजावलं. चौघींना पटलं नाही. 'वयानुसार पायांतली ताकद कमी होणे' एवढं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

राहिलेल्यांना मात्र पुढचे चौदा आठवडे फार आवडले, हे आधी सांगायला हवं. आठवड्यातून तीन दिवस, तास-सव्वा तास. आमच्यावर नेमलेली फिजिओथेरपीची विद्यार्थिनी लातूरकडची. मला 'बाई' म्हणायची आणि माझ्यावरच ओरडायची, "बाई, श्वास रोखू नका!" जे काही मी शिकले ते तिच्याकडून. वय झालं की स्नायू नुसता बारीक होत नाही, असं ती सांगायची. तिशीनंतर दर दहा वर्षांना तीन ते आठ टक्के मांस जातं, साठीनंतर वेग वाढतो. पण ताकद त्याहून जास्त वेगानं जाते, आणि झटका, म्हणजे एकदम जोर लावायची क्षमता, सगळ्यात आधी. स्नायूचे धागे मुख्यत: दोन जातींचे. काही चिवट, उशिरा दमणारे. काही एकदम जोर लावणारे. म्हातारपणी जोरवाले आधी रोडावतात. शिवाय मज्जारज्जूतून स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशी एकेक करून मरतात. त्यांच्या पोरक्या धाग्यांपैकी काहींना शेजारची नस पदरात घेते, बाकीचे वाळून जातात. करी रोडच्या पुलावर गर्दीत मागून धक्का बसला तर पाऊल वेळेवर पुढे पडतं की माणूस तोंडावर पडतो, ते त्या जोरवाल्या धाग्यांवर.

पहिल्या तीन आठवड्यांत मी पायांनी ढकलायच्या यंत्रावर जास्त वजन ढकलायला लागले, पण मांडीला टेप लावली तर माप तेवढंच. मी म्हटलं, हे कसं? ती म्हणाली, "बाई, मांस नाही वाढलं अजून. मेंदूला जुने धागे कामावर बोलवायची सवय लागतेय." मला एकदम दिवाळीच्या सुट्टीनंतरचा वर्ग आठवला. तेच चाळीस जण, पण पहिला आठवडा रांग लावण्यातच जातो.

माझे आकडे माझ्याकडे आहेत, कारण मी वही ठेवली. ती सवय शाळेतली. हाताची पकड जूनमध्ये १६.५ किलो. आशियातल्या तज्ज्ञगटानं २०१९ साली बायकांसाठी १८ किलोची रेघ आखलीय, तिच्याखाली. खुर्चीवरून पाच वेळा उठायला १६.८ सेकंद, तिथली रेघ १२ ची. चौदाव्या आठवड्यात पकड १८.५, खुर्ची ११.२ सेकंद, आणि पायांचं वजन ३० किलोवरून ५०. पकड फारशी वाढली नाही, खरं आहे. हातांचा व्यायाम कमीच होता. पण गणपतीत आरतीला मी सगळ्यांबरोबर खाली बसले आणि हात न टेकता उठले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं.

आणि तुमच्या वहीतलं आणखी एक. नवव्या आठवड्यात आमच्यातल्या सहाजणींनी मांडीतला तुकडाही दिलाय. बायोप्सी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला भूल देऊन पोकळ सुई आत घालतात. दुखलं नाही असं नाही म्हणणार. पायात गोळा यावा तसं आतून कुणीतरी आवळलं, आणि सुई बाहेर आली तेव्हा तिच्यात तुरीच्या डाळीएवढा लालसर तुकडा. डॉक्टरांनी तो दाखवला मला. मग तो द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला, वाफ निघाली, आणि उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये गेला. दोन दिवस मी जिना एकेक पायरी उतरले. शेवटच्या आठवड्यात दुसरा तुकडा घेणार होते, आधीचा आणि नंतरचा ताडून बघायला. तो शेवटचा आठवडा आलाच नाही. मग पहिल्या तुकड्याचं काय झालं? तपासला? तसाच आहे? मुंबईत वीज फारशी जात नाही, तरी फ्रीजरला माणूस लागतो. की सफाईत फेकून दिला? आमच्या अंगातला तुकडा आहे तो, डॉक्टरसाहेब. विचारायचा हक्क आहे की नाही?

दुसऱ्या तक्रारीला तुमच्या रजिस्टरमध्ये एक शब्द आहे, 'गळती'. आमच्यातली एकजण, ७२ वर्षांची, माझ्याच चाळीतली, ऑगस्टमध्ये तापानं आजारी पडली. बारा दिवस वॉर्डात पडून होती. निरोगी म्हाताऱ्या माणसांना नुसतं दहा दिवस अंथरुणात ठेवलं तर पायांतलं जवळपास एक किलो मांस जातं, हे २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासात दाखवलंय. आमच्या बाईला तर वर ताप. घरी आली ती खुर्चीत बसवून, चार पोरांनी उचलून, ५४ पायऱ्या. त्यानंतर ती एकदाही खाली उतरलेली नाही. आमच्या मजल्यावर संडास सामाईक, भारतीय पद्धतीचे. बसलं तर उठता यायला हवं. म्हणून ती दुपारनंतर पाणी पीत नाही. तुमच्या प्रकल्पाला ज्या बाईची सगळ्यात जास्त गरज होती, ती तुमच्या कागदावर 'गळती' होऊन बसली. आमच्या शाळेतही हा शब्द होता. पण पोरगं गळलं तर मुख्याध्यापक आम्हाला त्याच्या घरी पाठवायचे, आम्ही झोपडपट्टीत जाऊन दार ठोठवायचो. तुमच्याकडून एक फोन आला नाही.

आहाराचं थोडक्यात सांगते. पत्रकात अंडी, चिकन, पनीर, आणि परदेशी पावडरीचा डबा. त्यावर ग्राम लिहिलेले. कोण काय खातं याचा तक्ता भरून घेतला, पण घरात शेवटी कोण जेवतं हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात आणि पातळ वरण खाणाऱ्या बाईला, आठवड्यात दोन उपास करणाऱ्या बाईला, वजनाच्या किलोमागे एक ग्राम प्रथिनं हे सांगून काय होणार? शेंगदाणे, चवळी, मटकीची उसळ, सुकट, हे शब्द पत्रकात असते तर तिनं निदान घरातला डबा उघडून पाहिला असता.

आता मुख्य गोष्ट. खिडकीतून तोंडी कळलं की निधी संपला. संपला असेल. निधी संपतो, मला कळतं. आमच्या शाळेला लेझमा तीन वर्षांनी एकदा मिळायच्या. पण निधी संपला म्हणून आकडे संपत नाहीत. चौदा आठवड्यांचे, अठ्ठावीस बायकांचे आकडे तुमच्या कपाटात आहेत. मुंबईच्या चाळीत चढउतार करणाऱ्या, मांडी घालून बसणाऱ्या, डाळभातावर जगणाऱ्या बायकांचे. असे आकडे रस्त्यावर पडलेले नाहीत. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम दिला आणि पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. १९९० साली छापून आलेला हा अभ्यास आजही सगळे सांगतात. दहाच माणसं होती ती! सतरा देशांतल्या सुमारे एक लाख चाळीस हजार लोकांच्या अभ्यासातून २०१५ साली दिसलं की हाताची पकड पाच किलोनं कमी असली तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. त्यात भारतही होता, आणि आपल्याकडच्या लोकांची पकड युरोपातल्या लोकांपेक्षा कमीच भरली. का कमी? अंगकाठीनं, आहारानं, की आयुष्यभराच्या कष्टानं? आणि व्यायामानं ती किती परत येते? आपल्या देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या ७२ हजारांवर लोकांच्या पाहणीची सूत्रं सांभाळली, त्यातही पकड मोजली. म्हणजे ताकद किती आहे हे मोजायला आपण शिकलो. परत कशी येते, हे तुम्ही बघायला निघाला होतात. आणि अर्ध्या वाटेत कुलूप लावून निघून गेलात.

माझ्या भाच्यानं मला १९६४ चा हेलसिंकीचा जाहीरनामा शोधून दिला, जगभरातल्या डॉक्टरांच्या संघटनेनं माणसांवरच्या संशोधनासाठी स्वीकारलेला तो. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत दोन गोष्टी सरळ लिहिल्यात. संशोधनात भाग घेतलेल्यांना एकूण निष्कर्ष कळवून घ्यायचा पर्याय द्यावा. आणि निष्कर्ष चांगले येवोत, वाईट येवोत की ठाम काही न निघो, ते उघड करावेत. हे माझं म्हणणं नाही, तुमच्याच लोकांचं आहे.

कुलूप लागून चार महिने झाले. मी घरी भिंतीला खुर्ची टेकवून करतेच आहे, भाच्याच्या मोबाईलवर वेळ लावून. पण घरात ते यंत्र नाही, ते वजन नाही, आणि "श्वास रोखू नका" म्हणणारं कुणी नाही. काल १३.९ सेकंद लागले. रेघेच्या पलीकडे गेले होते, परत अलीकडे आले. बाकीच्या दहाजणींचं काय झालं असेल ते तुम्हीच मोजा. तुमच्याकडे स्टॉपवॉच आहे.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत.

प्रत्येकीला तिचे स्वत:चे आकडे एका पानावर, साध्या मराठीत, सहीनिशी द्या. पहिल्या दिवशी किती, शेवटच्या दिवशी किती. माझ्याकडे वही आहे, बाकीच्यांकडे काही नाही.

सहाजणींच्या मांडीतल्या नमुन्यांचं काय झालं ते लेखी कळवा. जपून ठेवले असतील तर पुढे काय करणार ते आम्हाला विचारून ठरवा. नासले असतील तर तसं लिहा. रागावू, पण ऐकून घेऊ.

प्रकल्प का थांबला आणि तोवर काय दिसलं, ते वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदणीत सगळ्यांना वाचता येईल असं टाका. चौदा आठवड्यांचं का होईना.

आणि खोली आठवड्यातून एक दिवस उघडा. तीन दिवस मागत नाही. बारा आठवडे नीट व्यायाम झालेल्या वयस्क पुरुषांनी पुढे आठवड्यातून एकच दिवस केला तरी मिळवलेली ताकद टिकली, असं २००२ च्या एका अमेरिकन अभ्यासात आढळलं होतं. बायकांचं तसंच होतं का ते बघायला तुम्हाला आयता गट मिळतोय, फुकटात. यंत्रं तिथेच आहेत, काचेतून दिसतात. पायांच्या यंत्रावर जुन्या फायलींचे गठ्ठे रचलेत. ते उतरवायला माणूस नसेल तर आम्ही येतो. पन्नास किलो ढकलायचे पाय आहेत आमचे, निदान होते.

तापानं आजारी पडलेल्या माझ्या शेजारणीकडे तुमच्यापैकी कुणीतरी एकदा या. ५४ पायऱ्या आहेत, चढताना मोजा.

पुढच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी पुन्हा चौकशीच्या खिडकीशी येणार आहे, वही घेऊन, बाकीच्याही येतील. पिवळ्या पट्टीची ती खुर्ची तोवर चौथ्या मजल्यावर परत पोचवलीत तर बरं. आम्ही उभ्या राहू.

आपली नम्र,
सहभागी क्रमांक २७
काळाचौकी, मुंबई